परत आलेला डबा



मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, की तुम्ही आपापले डबे बंद करून दप्तरात ठेवता. शेजारच्या मुलाचा डबा उघडलाच गेला नाही, हे कधी तुमच्या ध्यानात आले आहे का? आले असेल, तर "आज भूक नसेल त्याला," असे म्हणून तुम्ही सोडून दिले असेल. पण दुसऱ्या दिवशी तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही झाले, तर? संध्याकाळी आई डबा उघडते. तांदळाची भाकरी जशीच्या तशी, भाजीला वास यायला लागलेला. आई रागावते, मूल गप्प बसते आणि प्रकरण तिथेच संपते.

त्या परत आलेल्या डब्यात कधी कधी एक महत्त्वाचे वैज्ञानिक निरीक्षण असते. ते कोणी टिपून ठेवत नाही, ही माझी तक्रार आहे. ती तुमच्याकडे आणि तुमच्या शिक्षकांकडे मांडावी, म्हणून हा लेख.

समजा, पेणच्या एखाद्या शाळेत पाचवीत एक मुलगा आहे. वडिलांचा गणपतीचा छोटा कारखाना. मुलगा हुशार, पण वर्गात दहा मिनिटे एका जागी टिकत नाही. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, गणित अर्धे सोडून खिडकीबाहेर पाहतो, वह्या हरवतो. घरीही तेच. शेवटी आईवडील त्याला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेतात. तपासण्या होतात, विकाराचे नाव कळते, गोळी सुरू होते. महिनाभरात गणिते पुरी होऊ लागतात. पण डबा परत येऊ लागतो, रात्री बारापर्यंत झोप लागत नाही आणि संध्याकाळी पोरगा क्षुल्लक कारणाने रडतो. शेजारीपाजारी म्हणतात, "असल्या गोळ्या मेंदूला वाईट." आईवडील घाबरून गोळी बंद करतात, पण डॉक्टरांना सांगायचा त्यांना संकोच वाटतो. पुढच्या भेटीत डॉक्टर विचारतात, "कसं आहे?" उत्तर मिळते, "ठीक आहे, पण वर्गात पुन्हा पहिल्यासारखंच करतो." मुलगा गोळी घेतच नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नसते. ते काय करतील? कदाचित गोळीची मात्रा वाढवतील!

इथे चूक कोणाची झाली? औषधाची नाही, डॉक्टरांची नाही, आईवडिलांचीही फारशी नाही. चूक झाली ती निरीक्षणाची वही नव्हती म्हणून.

हा विकार म्हणजे काय?

याला वैद्यकात अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ए. डी. एच. डी. हे नाव रूढ आहे. जगभरातील पाहण्यांचा सरासरी अंदाज असा, की शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत तो आढळतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले. सगळीच उड्या मारणारी नसतात. काही जण, विशेषतः मुली, शांत बसून स्वप्नात हरवलेल्या असतात. त्या कोणाला त्रास देत नाहीत म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत.

आता एक कोडे पाहा. हाच मुलगा वडिलांच्या कारखान्यात मूर्तीला रंग देताना तासभर मान वर करीत नाही. मग वर्गातच त्याला काय होते? लोक म्हणतात, "बघा, मनात आणलं तर बसतो की!" पण या विकारात अवधान अजिबात नसते असे नाही. ते हवे तिकडे वळवण्याची आणि हवे तितका वेळ टिकवण्याची मेंदूची यंत्रणा दुबळी असते. रंगकामात प्रत्येक फटकाऱ्याला नवे काहीतरी दिसते, तेच त्याला धरून ठेवते. व्यवहारी अपूर्णांक तसे धरून ठेवत नाहीत. हा आळस नव्हे, आणि आईवडिलांनी लाडावून ठेवल्याचा परिणामही नव्हे. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

उत्तेजक औषधाने शांतता कशी?

या विकारावर जी औषधे प्रामुख्याने देतात, ती उत्तेजक वर्गातील आहेत. भारतात त्यांपैकी मेथिलफेनिडेट हे औषध वापरले जाते. आधीच धावणाऱ्या मुलाला उत्तेजक द्यायचे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. १९३७ साली डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनाही वाटले होते. अमेरिकेतील ईस्ट प्रॉव्हिडन्स गावी वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या रुग्णालयात ते काम करीत. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीवर विशेष परिणाम झाला नाही, पण शाळेतील शिक्षकांनी वेगळेच सांगितले: मुले अभ्यास करू लागली आहेत! ब्रॅडलींनी ३० मुलांना आठवडाभर औषध देऊन पाहिले. त्यांपैकी १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. मुले त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. मेथिलफेनिडेट पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीचे रसायनतज्ज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी प्रथम तयार केले.

या हकीकतीत एक गोष्ट ध्यानात घ्या. औषधाचा परिणाम प्रथम दिसला तो वर्गात, शिक्षकांच्या डोळ्यांना.

हे औषध काम कसे करते, ते पेण तालुक्यातील मुलांना चटकन समजेल. खाडीकाठच्या खारभूमीला बांध असतो आणि बांधात उघाडी असते. ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी बाहेर जाते. उघाडी अर्धी मिटली, तर पाणी शेतात जास्त वेळ टिकते. मेंदूत दोन चेतापेशींच्या मध्ये एक सूक्ष्म फट असते. एका पेशीने सोडलेली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायने त्या फटीतून निरोप नेतात. निरोप पोहोचला, की पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने ती रसायने परत ओढून घेतात. ही प्रथिने म्हणजे उघाड्या. मेथिलफेनिडेट त्या अर्धवट मिटते, रसायने फटीत थोडी अधिक टिकतात आणि निरोप ठळक होतो. मेंदूचा कपाळामागचा भाग आवर घालण्याचे, बेत आखण्याचे आणि लक्ष टिकवण्याचे काम करतो. त्याला निरोप नीट मिळाला, की मूल स्वतःला सावरू शकते. बाहेरून ती शांतता दिसते.

म्हणजे ही जादू केवळ विकारग्रस्त मुलांपुरतीच का? नाही. १९७८ साली अमेरिकेत डॉ. जुडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार नसलेल्या मुलग्यांना उत्तेजकाची एक मात्रा देऊन पाहिली. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष वाढले. याचा अर्थ काय? "गोळी दिल्यावर फरक पडला, म्हणजे विकार होताच," हे अनुमान चूक आहे. विकाराचे निदान गोळीने होत नाही. ते घरची आणि शाळेची हकीकत, वय, इतर आजार आणि डोळे-कान यांची तपासणी यांवरून डॉक्टर करतात. म्हणूनच कोणीतरी "परीक्षेच्या आधी एक घे" म्हणून दिलेली गोळी तुम्ही कधीही घेऊ नका, आणि आपली दुसऱ्याला देऊ नका. आपल्या कायद्याने हे औषध कडक नियंत्रणाखाली ठेवले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यांपैकी एक प्रत औषध-दुकानदार स्वतःजवळ ठेवतो आणि साठा त्याला कुलुपात ठेवावा लागतो. सवय लागण्याचा धोका असलेल्या औषधांसाठी असाच बंदोबस्त लागतो.

दुष्परिणाम का होतात?

उघाडी एकाच शेताला नसते. ही रसायने भुकेच्या, झोपेच्या आणि हृदयाच्या कामातही असतात. औषध रक्तातून सर्वत्र जाते. "तू फक्त गणिताच्या शेतात थांब," असे त्याला सांगता येत नाही. दुष्परिणाम म्हणजे औषधातली भेसळ नव्हे. तेच काम नको त्या जागी झाले, की त्याला दुष्परिणाम म्हणायचे.

सर्वांत अधिक दिसणारा परिणाम म्हणजे भूक मंदावणे. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तास असतो, दीर्घकाळ विरघळणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर नेमका मधल्या सुट्टीत असतो. म्हणून डबा परत येतो! मुलाने हट्ट केलेला नसतो, त्याला भूकच लागलेली नसते. त्याला रागावून उपयोग नाही. गोळीपूर्वी पोटभर न्याहारी आणि अंमल उतरल्यावर संध्याकाळी भरपूर जेवण, हा साधा उपाय बहुधा पुरतो.

दुसरा परिणाम झोपेवर. गोळी उशिरा घेतली, तर रात्र जागून जाते. तिसरा म्हणजे अंमल उतरताना येणारी चिडचीड किंवा रडू. याखेरीज पोटदुखी, डोकेदुखी, नाडीचे ठोके आणि रक्तदाब किंचित वाढणे, काही मुलांत डोळे मिचकावणे किंवा मान झटकणे अशा अनैच्छिक हालचाली. कधी मूल फारच गप्प, निर्विकार होते. वर्गाला ते बरे वाटते, पण मात्रा जास्त झाल्याची ती खूण असू शकते. छातीत दुखणे, घेरी येऊन पडणे, नसलेले काही दिसणे वा ऐकू येणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा हे क्वचित घडते. पण घडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे. घरात कोणाला हृदयविकार असेल, कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल, तर ते औषध सुरू होण्याआधीच सांगायला हवे.

आणि उंचीचे काय? अमेरिकेत १९९० च्या दशकात ५७९ मुलांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचा पहिला अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तीन वर्षांनी मोजले तेव्हा असे दिसले, की औषध नव्याने सुरू करून चालू ठेवलेली मुले औषध न घेणाऱ्या मुलांपेक्षा सरासरीने सुमारे २ सेंटिमीटर कमी वाढली होती आणि त्यांचे वजन सुमारे २.७ किलोग्रॅम कमी भरले होते. २ सेंटिमीटर म्हणजे संकट नव्हे, पण शून्यही नव्हे. "काही होत नाही हो" म्हणणारा आणि "मूल खुरटेल" म्हणणारा, दोघेही न मोजताच बोलत असतात.

मोजायचे कसे?

पौगंडावस्थेपूर्वी मूल वर्षाला साधारणपणे ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. म्हणजे तीन महिन्यांत सव्वा ते दीड सेंटिमीटर. आता तुम्हीच आपल्या मित्राची उंची दोनदा मोजून पाहा. एकदा ताठ उभे करून, एकदा सैल. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. अर्धा-एक सेंटिमीटर फरक सहज येईल. मग तीन महिन्यांच्या फरकावरून वाढ खुंटली की नाही, हे कसे ठरवणार? चूकच वाढीएवढी! म्हणून उंची सहा-सहा महिन्यांनी, अनवाणी, भिंतीवरच्या त्याच पट्टीवर, दिवसाच्या त्याच वेळी मोजावी. वजन महिन्या-दोन महिन्यांनी त्याच काट्यावर करावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. औषध सुरू होण्याआधी एक आठवडा नोंद ठेवा. पोट दुखणे, झोप उशिरा लागणे, चिडचीड या तक्रारी या मुलांत गोळीपूर्वीही असतात. औषधांच्या चाचण्यांत औषध नसलेली, दिसायला तशीच खोटी गोळी घेणारी मुलेही पोटदुखीची तक्रार करतात. आधीची नोंद नसेल, तर प्रत्येक दुखण्याचे खापर गोळीवर फुटते. उलट, खरा दुष्परिणाम "याचं असंच असतं" म्हणून झाकला जातो. प्रयोगशाळेत तुम्ही तुलनेसाठी एक परीक्षानळी वेगळी ठेवता ना? तीच ही गोष्ट.

वहीत रकाने फार नकोत. तारीख, गोळीची वेळ, डबा पुरा की अर्धा की जसाच्या तसा, झोप किती वाजता लागली, संध्याकाळची वृत्ती, इतर तक्रार. रोज दोन मिनिटांचे काम. डब्याचा रकाना शाळेने भरावा, झोपेचा घरच्यांनी.

शाळेनेच का?

पेण-रोह्याकडची परिस्थिती पाहा. लहान मुलांच्या मानसिक विकारांचे तज्ज्ञ गाठायचे, तर बहुधा अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. रोह्याहून दिव्याची गाडी पकडायची, एका दिवसाची मजुरी बुडवायची आणि डॉक्टरांपुढे दहा-पंधरा मिनिटे बसायचे. तेही महिन्या-दोन महिन्यांनी. डॉक्टर मुलाला पाहतात ते मिनिटांत, शिक्षक पाहतात ते रोज पाच-सहा तास आणि तेही औषधाचा अंमल चालू असताना. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: औषधाची चिठ्ठी मुंबईत लिहिली जात असली, तरी त्याच्या परिणामांचा हिशेब पेणच्या आणि रोह्याच्या वर्गातच ठेवला गेला पाहिजे.

यावर शिक्षक म्हणतील, "साठ मुले, त्यात आणखी एक वही!" तक्रार रास्त आहे. पण अशी मुले वर्गात दोन-तीनच, आणि गोळी चालू असलेली त्याहून कमी. शिवाय या श्रमाचे फळ त्यांना वर्गातच मिळते. वर सांगितलेल्या अभ्यासातच एक मार्मिक गोष्ट आढळली. ज्या मुलांना औषधाबरोबर शाळेत आणि घरी वर्तनासाठी शिस्तशीर मदत मिळाली, त्यांचे काम कमी औषधात भागले. चौदा महिन्यांच्या शेवटी केवळ औषधाच्या गटात रोजची मात्रा सरासरी सुमारे ३८ मिलिग्रॅम होती, तर दोन्ही उपचारांच्या गटात सुमारे ३१. पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, मोठ्या गणिताचे लहान तुकडे, मध्येच फळा पुसायला उठवणे, झालेल्या कामाची लगेच शाबासकी. अशी मदत मिळाली, तर गोळी लहान होऊ शकते, आणि लहान गोळीचे दुष्परिणामही बहुधा कमी असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाच्या गोळीची गोष्ट शाळाभर झाली तर? त्याला नाव पडेल, चिडवले जाईल. म्हणून ही वही आईवडील, वर्गशिक्षक आणि डॉक्टर या तिघांतच राहिली पाहिजे, आणि तीही आईवडिलांच्या संमतीनेच. मुलांनो, इथे तुमचेही एक काम आहे. वर्गमित्राच्या गोळीचे गुपित कळले, तर ते तुमच्यापाशीच ठेवा. आणि त्याचा डबा रोज परत जात असेल, तर ते त्याच्या पाठीमागे कुजबुजू नका. त्याला विचारा आणि मोठ्यांना सांग म्हणा.

"मग एवढा त्रास असलेली गोळी घ्यायचीच कशाला?" असे काहींना वाटेल. ज्यांना तिची गरज नाही, त्यांनी मुळीच घेऊ नये. पण उपचार न करण्यालाही किंमत असते. ती रोज थोडी थोडी द्यावी लागते म्हणून दिसत नाही, एवढेच. वर्षानुवर्षे मार आणि बोलणी खाल्लेले मूल स्वतःला 'ढ' समजू लागते, रस्त्यात न पाहता धावते, शाळा सोडते. त्याच अभ्यासात चौदा महिन्यांनंतर नीट देखरेखीखालील औषधाचा गुण स्पष्ट होता. तीन वर्षांनी मात्र गटागटांतला फरक उरला नव्हता. म्हणजे गोळी एकदा लागली की कायमची, असेही नाही. तिचा पुन्हा पुन्हा फेरविचार करावा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत थांबवून पाहायचे का, मात्रा कमी करायची का, दुसऱ्या वर्गातील औषध द्यायचे का, हे डॉक्टर ठरवू शकतात. पण त्यासाठी त्यांच्यापुढे "ठीक आहे" या दोन शब्दांपेक्षा अधिक काही असले पाहिजे.

शाळांतून तपासणीला येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तुम्ही पाहिले असेल. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत हा विकारही आहे. पथक आले, की शिक्षकांनी अशा मुलाची गोष्ट त्यांच्या कानी घालावी. घरच्यांना दूरध्वनीवरून सल्ला हवा असेल, तर २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

त्या पाचवीतल्या मुलाकडे पुन्हा वळू. समजा, त्याची वही होती. महिन्याभरातील बावीस शाळेच्या दिवसांपैकी सतरा दिवस डबा जसाच्या तसा परत, दुपारी दुसरी गोळी घेतलेल्या रात्री झोप बारानंतर, वजन एक किलोग्रॅम कमी. डॉक्टरांनी वही चाळली, दुपारची गोळी काढली, न्याहारी वाढवायला सांगितली आणि पुढची भेट लवकरची दिली. गोळी ना चोरून बंद झाली, ना डोळे मिटून वाढली. यात कोणतेही अवघड यंत्र लागले नाही. एक वही, एक पेन्सिल, आणि रोज डब्यात डोकावणारे एक माणूस लागले.

उद्या मधल्या सुट्टीनंतर आपल्या बाकावर जरा लक्ष द्या. एखादा डबा न उघडताच बंद होत असेल.